नाक नीट करायचंय? आधी सात दिवस थांबा! ऑस्ट्रेलियातले कॉस्मेटिक सर्जरीचे नियम काय सांगतात?

२०२३ पर्यंत ऑस्ट्रेलियात एमबीबीएसच्या तोडीची पदवी असलेला कुणीही डॉक्टर स्वतःला 'कॉस्मेटिक सर्जन' म्हणवून घेऊ शकत होता. शस्त्रक्रियेचं विशेष शिक्षण घेतलेलं नसलं, तरी कायद्याची आडकाठी नव्हती. पेशंट 'सर्जन' ही पाटी पाहून विश्वास ठेवायचा. २०२१ मध्ये तिथल्या 'फोर कॉर्नर्स' या टीव्ही कार्यक्रमाने अशा क्लिनिकांमधले प्रकार उघड केले. त्यानंतर चौकशी झाली आणि १ जुलै २०२३ पासून मेडिकल बोर्डाचे नवे नियम लागू झाले.

त्याच वर्षी कायद्यातही बदल झाला. आता शस्त्रक्रिया, स्त्रीरोग-प्रसूती किंवा नेत्रविकार यांपैकी एका शाखेत तज्ज्ञ म्हणून नोंदणी असलेल्या डॉक्टरलाच 'सर्जन' हा शब्द वापरता येतो. खोटेपणाने वापरल्यास ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आणि ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पेशंटसाठी काय बदललं?

स्तनांचा आकार वाढवणं, लायपोसक्शन, नाकाची शस्त्रक्रिया, फेसलिफ्ट अशा कोणत्याही ऑपरेशनसाठी आधी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, शक्यतो नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची. चिठ्ठी देणारा डॉक्टर स्वतः कॉस्मेटिक सर्जरी करणारा नसावा आणि ऑपरेशन करणाऱ्याशी त्याचा व्यावसायिक संबंध नसावा. चिठ्ठी आहे म्हणून सरकारी विम्यातून पैसे मिळतात असं मात्र नाही. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च खिशातूनच करावा लागतो.

त्यानंतर किमान दोन भेटी, त्यातली एक तरी प्रत्यक्ष. पहिल्याच भेटीत संमतीपत्रावर सही घेता येत नाही. दोन भेटी आणि संमती झाल्यावर किमान सात दिवस थांबायचं; तोपर्यंत तारीख ठरवायची नाही आणि ॲडव्हान्सही घ्यायचा नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी ही मुदत तीन महिने आहे.

सगळ्यात परिणामकारक नियम कदाचित हाच. 'आज बुक केलंत तर डिस्काउंट' या भाषेला त्यात जागाच उरत नाही. शिवाय एकदा पैसे भरले की मन बदललं तरी माणूस मागे फिरायला कचरतो.

डॉक्टरला आणखी एक तपासणी करावी लागते: बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरची. यात व्यक्तीला इतरांना जेमतेम दिसणारी किंवा नसलेलीही शारीरिक उणीव सतत छळत असते. अशांना ऑपरेशननंतरही सहसा समाधान मिळत नाही. शंका आली तर आधी मानसिक आरोग्याचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं.

क्लिनिकांचं काय?

ऑपरेशन मान्यताप्राप्त ठिकाणीच करावं लागतं. मान्यता नसलेल्या खोलीत टेबल टाकून काम भागवणाऱ्यांना एकतर सुविधा उभाराव्या लागतात किंवा इतरत्र जागा घ्यावी लागते. खर्च वाढणार हे उघड आहे. जाहिरातीत डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. इन्फ्लुएन्सरचे 'माझा अनुभव' छापाचे व्हिडिओ चालत नाहीत. ऑपरेशनचं गांभीर्य कमी करणारे इमोजीसुद्धा नकोत! बोटॉक्स, फिलरसारख्या सुईच्या उपचारांसाठी २ सप्टेंबर २०२५ पासून वेगळे, अधिक कडक नियम आले आहेत.

एक पळवाट उरतेच. स्वस्त पडतं म्हणून थायलंडला जाऊन ऑपरेशन करून येणाऱ्यांना यातलं काहीच लागू होत नाही.

भारतात काय?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केसांच्या प्रत्यारोपणाबाबत सूचना काढल्या. केवळ कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही, असं त्यात बजावलं आहे. भर आहे तो डॉक्टरच्या पात्रतेवर. ती तपासायची तर डॉक्टरचं नाव आयोगाच्या ऑनलाइन नोंदवहीत शोधता येतं. पदवीसमोर काय लिहिलंय ते पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.