डहाणूचा फुगा

फुगा मुळांत मुलांचें खेळणें नव्हतें. इ. स. १८२४ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानें हायड्रोजन वायु सांठविण्याकरितां रबराची पिशवी केली. तेथून फुग्याचा इतिहास सुरू होतो. पुढें त्याचें खेळणें झालें. इ. स. १९३१ मध्यें अमेरिकेंत नील टिलॉटसन यानें द्रवरूप रबरांत साचा बुडवून फुगा काढला, आणि तीच रीत पुढें रूढ झाली.

रबरी फुग्यांचा हा धंदा पालघर जिल्ह्यांतील डहाणू येथें वाढला. रबराच्या झाडाची साल चिरली म्हणजे जो चीक पाझरतो, तो अमोनिया घालून टिकवितात. त्यांत गंधक व रंग मिसळतात. साचे त्यांत बुडवून वर काढतात आणि उष्णता देऊन तो थर पक्का करतात. चीक झाडाचा, म्हणून फुगा 'नैसर्गिक' म्हणविला जातो. परंतु गंधकाचा व उष्णतेचा संस्कार झाल्यावर चीक मूळचा राहात नाहीं. तो चिवट व टिकाऊ व्हावा, हाच त्या संस्काराचा हेतु असतो.

कारखान्यांपासून निसर्गास उपद्रव होऊं नये, ही काळजी डहाणूंत कायद्यानेंच घेतली आहे. चिकूच्या बागा, वनें व समुद्रकांठ यांनीं संपन्न असा हा तालुका केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. कारखान्यांचे तीन वर्ग पाडून अतिदूषक वर्गास मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण स्थापन झालें. धुराडें, सांडपाणी व जमीन यांवर अशी नजर बसली. परंतु फुगा कारखान्याच्या दाराबाहेर पडला कीं त्याचा माग कोणी ठेवीत नाहीं.

टास्मानियांतील संशोधकांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फुगे गोड्या पाण्यांत, समुद्राच्या पाण्यांत व खतांत सोळा आठवडे ठेवले; तरीहि ते बव्हंशीं शाबूतच राहिले. असले तुकडे समुद्रपक्षी भक्ष्य समजून गिळतात.

तेव्हां वस्तु झाडापासून निघाली, एवढ्यानें ती निसर्गास मानवते असें नाहीं. घटकाभराच्या शोभेसाठीं जें आणावयाचें, तें त्यानंतर कोठें जाणार हेंहि पाहिलें पाहिजे. फुग्यावर ज्यांचें पोट चालतें त्या कामगारांचा विचार करतां तो समूळ वर्ज्य करावा, असें सहसा कोणी म्हणणार नाहीं. मात्र तो आकाशांत सोडूं नये, फुटलेले तुकडे वेंचून ठेवावे, आणि आंब्याच्या पानांच्या तोरणानें जेथें भागतें तेथें तेंच बांधावें.