समाजसेवेची पदवी: तिचा उगम व मुंबईंतील वाटचाल

गोरगरिबांस साहाय्य करावयास पदवी कशाला हवी, असा प्रश्न आपल्या देवळाच्या आवारांत आजही ऐकूं येतो. प्रश्न अगदींच पोकळ नाहीं. शुभवर्तमानांतील त्या दयाळू शोमरोनी मनुष्यानें कोणती परीक्षा दिली होती? परंतु ह्या विद्येचा इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, ती दयेच्या अभावीं नव्हे, तर दया करूं निघालेल्यांस पडलेल्या अडचणींतून जन्मास आली.

सन १८३३ त पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम नांवाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें मित्रांसह एक मंडळ काढलें. तेंच संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या नांवानें जगभर पसरलें. तरुणांपाशीं उत्साह होता, पण दरिद्री माणसाच्या दारीं जाऊन बोलावें कसें, द्यावें काय, हें ठाऊक नव्हतें. सिस्टर रोझाली रेंदू ह्यांनीं तें त्यांस शिकविलें. आमच्या मतें ह्या विद्येची पहिली शिक्षिका तीच. पुढें १८९८ त न्यूयॉर्कच्या एका धर्मादाय संस्थेनें आपल्या सेवकांकरितां सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग काढला, आणि शिक्षणास शाळेचें रूप येऊं लागलें.

मुंबईची हकीकत मराठी मुलुखाच्या जवळची आहे. अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ त क्लिफर्ड मॅनशार्ट येथें आले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांचें ऋण मान्य करण्यास आपण कां कचरावें? त्यांनीं नागपाड्याच्या दाट वस्तींत 'नेबरहूड हाऊस' चालविलें. कार्यकर्ते मिळत, पण शिकलेले मिळेनात. तेव्हां सर दोराबजी टाटा ह्यांच्या विश्वस्तनिधीच्या आधारानें १९३६ त तेथेंच पदवीधरांकरितां समाजकार्याची शाळा निघाली. १९४४ त तिला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें, १९५४ त ती देवनारास गेली, व १९६४ त तिला विद्यापीठाचा दर्जा लाभला.

आपल्या धर्मभगिनीही मागें राहिल्या नाहींत. 'मरियेच्या हृदयाच्या कन्या' ह्या संघानें १९५५ त मुंबईस निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय स्थापिलें. हा संघ फ्रान्सांत १७९० च्या सुमारास, राज्यक्रांतीनें मठांवर गदा आणली असतां, उदयास आला. म्हणूनच त्याच्या भगिनी विशेष वेश धारण न करितां लोकांत लोकांसारख्या राहतात. अशा संघाच्या हातून ही विद्या वाढावी, हें आम्हांस मोठें शोभून दिसतें.

आतां पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हा अभ्यास दोन वर्षांचा असतो. त्याचा खरा गाभा म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी वस्तींत, इस्पितळांत वा बालगृहांत जातो, परतल्यावर घडलेलें लिहून काढतो, आणि मार्गदर्शक तें वाचून खोदखोदून विचारतात. एखाद्या घरास दर महिना धान्य दिलें तरी चूल विझतेच. मग तें सावकारामुळें, आजारामुळें, कीं बापाच्या दारूमुळें? ह्याचा शोध न घेतां दिलेलें धान्य पुढच्या महिन्यांत पुन्हां मागावें लागतें, व मागणाऱ्याची मान आणखी खालीं जाते. शोध घ्यावयाचा तोही त्या घराची अब्रू राखून. हें नुसत्या कळवळ्यानें साधत नाहीं.

पगार बेताचाच, हें वडीलधाऱ्यांचें म्हणणें बहुधा खरें ठरतें. तरीही घरांतील मुलगी ह्या अभ्यासाचा अर्ज घेऊन आली, तर पगाराआधीं तिला विचारावें कीं, क्षेत्रकार्यास तुला कोठें पाठविणार आहेत?