लखनौचा एक विषय, नागपूरचा एक विभाग

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा विषयाच्या शोधात आम्हांला फार लांब जावे लागले नाही. आपल्या सभासदांत सरकारी नोकर पुष्कळ आहेत. कारभार हेच आपले पोटापाण्याचे साधन. परंतु हा कारभार विद्यापीठात शिकविण्याचा विषय केव्हा व कसा झाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्या या कर्मभूमीत, लखनौत, आणि दुसरा नागपुरास घडला, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवावीशी वाटते.

कारभारासंबंधी विचार करणे मराठी माणसाला नवे नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' इ. स. १७१५ च्या सुमाराचे. परंतु प्रत्यक्ष शिक्षण मिळे ते दप्तरातच. जाणत्या कारकुनाच्या हाताखाली मुलगा बसला म्हणजे काही वर्षांनी तो कारभारी होई. कंपनी सरकारने आपल्या नोकरांसाठी १८०६ मध्ये इंग्लंडात हेलिबरी येथील महाविद्यालय काढले खरे. पण १८५४ साली मेकॉले समितीचा अहवाल आला, १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली आणि लवकरच ते महाविद्यालय बंद पडले. उत्तम सामान्य शिक्षण घेतलेला तरुण निवडावा, काम तो कामावर शिकेल, हे त्या अहवालामागील तत्त्व होते. आमच्यासारखा साधा बी. ए. आज खुर्चीवर बसतो, तो याच तत्त्वाच्या आधारे.

जी विद्या हाताखाली बसून घ्यावयाची, ती वर्गात कशी शिकविता येईल, ही शंका लखनौने एकदा दुसऱ्याच क्षेत्रात अनुभवली आहे. १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी येथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. गाणे गुरूच्या घरचे. ते फळ्यावर कसे उतरावे, असा प्रश्न तेव्हा जाणत्यांनी केला असल्यास नवल नाही. व्यवसायाने वकील असलेल्या त्या मराठी पंडिताने रागांची पद्धतशीर मांडणी करून त्याचे उत्तर दिले. योगायोग असा, की त्याच १९२६ साली अमेरिकेत लिओनार्ड व्हाइट यांचे लोकप्रशासनावरील पहिले पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि मुंबईत, पुढे अखिल भारतीय झालेली, स्थानिक स्वराज्य संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली.

यानंतर चारच वर्षांनी, १९३० मध्ये, लखनौ विद्यापीठाने राज्यशास्त्राच्या एम. ए. अभ्यासक्रमात लोकप्रशासन हा विषय अनिवार्य केला. विद्यापीठाचे वय त्या वेळी अवघे दहा वर्षांचे. अध्यापन १९२१ साली सुरू झालेले. बदल दिसावयास लहान होता, परंतु भारतीय विद्यापीठीय शिक्षणात या विषयाचा प्रवेश येथूनच मोजतात. १९३७ साली मद्रास विद्यापीठाने पदविका सुरू केली. तरीही विषय राज्यशास्त्राच्या आश्रयालाच राहिला होता.

त्याला स्वतःचे घर मिळाले ते नागपुरास. नागपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. तेथील सरकारने १९४८ च्या कायद्याने जनपद सभांची योजना अमलात आणली. तहसीलच्या पातळीवर लोकनियुक्त सभेकडे कारभार सोपवावयाचा आणि सरकारी अधिकाऱ्याने तिच्याबरोबर काम करावयाचे, अशी ती धाडसी कल्पना होती. हे वारे वाहत असतानाच १९४९-५० मध्ये नागपूर विद्यापीठाने लोकप्रशासन व स्थानिक स्वशासन यांचा स्वतंत्र विभाग उघडला. प्रा. एम. पी. शर्मा त्याचे प्रमुख झाले. देशातील हा अशा प्रकारचा पहिला पूर्ण विभाग. त्याच्या नावातच 'स्थानिक स्वशासन' हे शब्द होते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्यांच्यावर कारभार चालतो, त्यांनाही अभ्यासाच्या चौकटीत घेतले गेले होते.

पुढचा प्रवास वेगाने झाला. पॉल ॲपलबी यांच्या १९५३ च्या अहवालानंतर १९५४ साली दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. आपल्या लखनौ विद्यापीठातही कालांतराने लोकप्रशासनाचा स्वतंत्र विभाग झाला. १९८७ पासून नागरी सेवा परीक्षेत हा विषय स्वतंत्रपणे घेता येऊ लागला आणि विद्यार्थ्यांची त्याकडे रीघ लागली.

एवढ्या अभ्यासाचा उपयोग काय, असे आम्हीही पूर्वी म्हणत असू. नोकरीच्या प्रारंभी एका वयस्क विधवा बाईंचा कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज आमच्यापुढे आला होता. दोन कागदांवर नावाच्या स्पेलिंगात फरक होता. अर्ज नऊ महिने या शाखेतून त्या शाखेत फिरला. त्यावरील प्रत्येक टिपणी नियमाला धरून होती. त्यांतील दोन आमच्याच हातच्या. अखेर मंजुरी निघाली, तोवर बाई गाव सोडून मुलीकडे राहावयास गेल्या होत्या. आमचे पत्र परत आले. नवा पत्ता शोधण्यात आणखी दोन महिने गेले.

काही वर्षांनी एका प्रशिक्षणवर्गात प्राध्यापकांनी कोणत्याही एका अर्जाचा प्रवास फळ्यावर काढावयास सांगितले. आम्ही हाच काढला. अकरा टेबले झाली. ते शांतपणे म्हणाले, "चित्र बरोबर आहे. यात बाई कोठे आहेत?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. कामावर आम्ही नियम शिकलो होतो. हा प्रश्न विचारावयास मात्र आम्हांला कोणत्याही टेबलाने शिकविले नव्हते. तो विचारण्यासाठी टेबलापासून चार पावले दूर उभे राहावे लागते, आणि तशी जागा विद्यापीठ देऊ शकते. लखनौच्या त्या अनिवार्य विषयाचे व नागपूरच्या त्या विभागाचे मोल आम्हांला त्या दिवशी कळले.

मंडळातील काही तरुण आज स्पर्धापरीक्षेसाठी लोकप्रशासनाची पुस्तके पाठ करीत आहेत. त्यांनी यशस्वी व्हावे, ही आमची मनःपूर्वक इच्छा. खुर्ची मिळाल्यावर पुस्तके माळ्यावर जातील, हेही आम्ही जाणतो. तेवढा फळ्यावरचा प्रश्न त्यांनी टेबलावर ठेवावा, इतकीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी विनंती.