गतिदेवतेचा नैवेद्य

आजारी माणसाने काय करावे, याविषयी जगात सल्ल्यांची वाण कधीच पडलेली नाही. विश्रांती घ्यावी, दगदग टाळावी, मन कशात तरी रमवावे, हे सल्ले घरोघर ऐकू येतात आणि ते बव्हंशी शहाणपणाचेच असतात. परंतु मन रमवावे ते कशात, याचे उत्तर वैद्याच्या चिठ्ठीत सापडत नाही. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते. कोणी बागेत रमतो, कोणी ग्रंथांत, कोणी देवपूजेत. यंत्रांच्या इतिहासात मात्र काही माणसे अशी भेटतात की, ज्यांनी आपल्या अधू किंवा थकलेल्या देहाला सोबत म्हणून दोन-तीन चाकांचे एखादे वाहन स्वतःच्या हातांनी घडवायला घेतले. सायकलीला इंजिन कसे जडले, या कहाणीत शोधकांची आणि कारखानदारांची नावे पुष्कळ येतात. तिच्याच काठाकाठाने या हौशी, हट्टी आणि पुष्कळदा दुखणाईत कारागिरांची कहाणीही चालत आली आहे.

तिचा आरंभ सायकलीच्याही आधी, सतराव्या शतकात होतो. जर्मनीत न्यूरेंबर्ग शहराजवळ आल्टडॉर्फ नावाचे गाव आहे. तेथे श्टेफान फारफ्लर हा घड्याळजी राहत असे. तो पायांनी अधू होता. घड्याळातली दातेरी चाके एकमेकांना कशी फिरवतात, हे त्याच्या बोटांना पाठ होते. त्याच विद्येच्या बळावर १६५५ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची एक गाडी बनवली. बसल्या जागी हातांनी दांडा फिरवावा, दातेरी चाकांनी ती गती पुढच्या चाकाला द्यावी आणि गाडी चालू लागावी, अशी तिची रचना होती. पायांनी न्यायचे तेथे तो हातांनी जाऊ लागला. आजची चाकांची खुर्ची आणि तीनचाकी सायकल या दोघींचे मूळ शोधताना इतिहासकार या गाडीपाशी येऊन थांबतात. फारफ्लरने ती विकण्यासाठी केली नव्हती. गरज त्याची होती, गाडीही त्याचीच होती.

त्यानंतर दोनशे वर्षांनी सायकल आली, आणि तिच्या पाठोपाठ तिला वाफेचे किंवा तेलाचे बळ देण्याची खटपट सुरू झाली. अमेरिकेत सिल्वेस्टर रोपर या कल्पक यंत्रकाराने १८६० नंतरच्या दशकात लाकडी सायकलीला वाफेचे इंजिन बसवले. त्याचे ते वाहन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रही आहे. जर्मनीत गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म माइबाख यांनी कानश्टाट येथे डाइम्लरच्या बागेतल्या काचगृहात १८८५ साली पेट्रोलवर चालणारी दुचाकी सिद्ध केली. तिची चौकट लाकडाची होती आणि इंजिनाची शक्ती अवघी अर्धा अश्वशक्ती. त्या काचगृहात दिवसरात्र ठोकठोक चालते, तेव्हा आत खोटी नाणी पाडीत असले पाहिजेत, असा संशय येऊन पोलिसांनी तेथे झडती घेतली. त्यांना हत्यारांखेरीज आणि यंत्राच्या सुट्या भागांखेरीज काही मिळाले नाही. घरातल्या खोपटात बसून लोखंडाशी झुंजणाऱ्या माणसाकडे शेजारीपाजारी संशयाने पाहतात, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

रोपरचा अंत या कहाणीत विसरता येण्याजोगा नाही. १ जून १८९६ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तो आपली नवी वाफेची सायकल घेऊन केंब्रिज शहरातल्या चार्ल्स नदीकाठच्या शर्यतमार्गावर उतरला. सायकलपटूंच्या पुढे धावून त्यांना वाऱ्याचा आडोसा देणारे वाहन म्हणून तिचा उपयोग होतो का, हे पाहावयाचे होते. सायकलपटू मागे पडले. रोपरने एक मैल दोन मिनिटे आणि सुमारे दीड सेकंदात काटला. वेग आणखी वाढवताना गाडी डगमगली, तो खाली पडला, आणि लोक धावत पोचले तेव्हा प्राण गेलेला होता. शवचिकित्सेत हृदयक्रिया बंद पडल्याचे निष्पन्न झाले. आधी हृदय थांबले म्हणून गाडी डगमगली, की गाडी पडल्याच्या धक्क्याने हृदय थांबले, हा प्रश्न मात्र कायमचा अनुत्तरित राहिला. आजारी देह आणि वेगवान यंत्र यांची गाठ पडली की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

शर्यतीच्या सायकलींना आडोसा देणाऱ्या इंजिनाच्या सायकली बनविणाऱ्यांत ऑस्कर हेडस्ट्रॉम नावाचा एक कुशल कारागीर होता. सायकलींचा कारखानदार जॉर्ज हेंडी याने त्याला हाताशी धरले आणि १९०१ साली त्यांची पहिली मोटारसायकल तयार झाली. तिला नाव मिळाले ‘इंडियन’. या नावाशी आपल्या देशाचा संबंध नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून ते घेतलेले आहे. याच कारखान्यातून १९२० साली बाहेर पडलेली ‘स्काउट’ जातीची एक गाडी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल या गावी पोचली. तेथे ती बर्ट मन्रो या एकवीस वर्षांच्या तरुणाने विकत घेतली, आणि पुढे पन्नासांहून अधिक वर्षे ती त्याच्यापाशी राहिली.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा. तो जुळ्यांपैकी एक. जुळी बहीण जन्मतःच गेली, आणि हा मुलगाही दोन वर्षांपलीकडे जगेल अशी आशा धरू नका, असे डॉक्टरांनी आईबापांना बजावले होते म्हणतात. तो शेतावर वाढला, शेतीत त्याचे मन लागले नाही, आणि मोटारसायकली विकणे व दुरुस्त करणे हा त्याचा चरितार्थ झाला. त्याने घेतलेली गाडी ६०० सी.सी.ची होती आणि ताशी सुमारे ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर, हा तिचा कमाल वेग होता. १९२६ च्या सुमारास त्याने तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला. दिवसा नोकरी आणि रात्री कानस, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. कित्येकदा तर रात्रभर काम करून तो सकाळी तसाच नोकरीवर जाई.

त्याची हत्यारे पाहून एखाद्या खेडेगावच्या लोहारालाही नवल वाटावे. दट्टे आणि इतर भाग तो स्वतः ओतीत असे, आणि साचे म्हणून जुने पत्र्याचे डबे वापरी. सूक्ष्म माप घेण्यासाठी सायकलच्या चाकाची जुनी तार त्याच्या कामी येई. ओतीव भाग इंजिनात घालावा, गाडी पळवावी, तो भाग फुटावा, का फुटला याचा विचार करावा, आणि पुन्हा ओतावा, असा हा अभ्यास होता. फुटलेले, वितळलेले भाग त्याने फेकून दिले नाहीत. खोपटातल्या एका फळीवर ते ओळीने मांडलेले असत आणि त्या फळीवर त्याने लिहून ठेवले होते, ‘गतिदेवतेला नैवेद्य’. अपयशाकडे पाहण्याची ही दृष्टी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक फुटक्या दट्ट्याने त्याला धातूविषयी काहीतरी सांगितलेले होते.

वेग वाढविण्याचे गणित मोठे निष्ठुर असते. हवेचा विरोध असा काही वाढत जातो की, वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती जवळजवळ आठपट लागते. म्हणून ५५ मैलांच्या गाडीला शंभराच्या पुढे नेणे म्हणजे तीच गाडी थोडी घासूनपुसून घेणे नव्हे. जवळजवळ प्रत्येक भाग नवा घडवावा लागतो आणि वाऱ्याला फसविणारे माशासारखे कवच तिच्याभोवती रचावे लागते. मन्रोने हे सारे केले. इंजिन वाढत वाढत ९५० सी.सी.पर्यंत गेले. जवळच्या ओरेटीच्या समुद्रकिनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू ही त्याची प्रयोगशाळा होती.

आणि येथेच दुखणे आले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याला हृच्छूल, म्हणजे ‘अँजायना’, असल्याचे निदान झाले. या विकारात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या आतून अरुंद होतात. माणूस स्वस्थ बसला असेल तर अपुऱ्या रक्तावरही भागते. श्रम किंवा उत्तेजना वाढली की मागणी वाढते, पुरवठा मात्र वाढत नाही, आणि छातीत कळ येते. नवल असे की, या कळेवरचे जुने आणि परिणामकारक औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन, ज्यापासून आल्फ्रेड नोबेलने सुरुंगाची दारू केली तेच द्रव्य. उतारवयात खुद्द नोबेललाही हृदयविकारावर तेच घेण्यास सांगण्यात आले होते. मन्रो आयुष्यभर इंजिनाच्या नळीतून अधिक इंधन कसे जाईल याचाच विचार करीत आलेला. आता त्याच्याच छातीतल्या नळ्या अरुंद झाल्या होत्या, आणि त्या काही कानस लावून रुंद करता येण्याजोग्या नव्हत्या.

अशा वयात आणि अशा प्रकृतीत तो समुद्र ओलांडून अमेरिकेस गेला. युटा राज्यात बॉनव्हिल येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४२०० फूट उंचीवर मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तेथे नोंदले जातात. उलटसुलट दोन दिशांनी धाव घ्यावयाची आणि त्या दोहोंची सरासरी काढावयाची, अशी तेथली रीत. १९६२ साली मन्रोने ताशी १७८.९७ मैलांचा विक्रम केला. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच जुन्या गाडीने ताशी १८३.५९ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटर, हा १००० सी.सी.पर्यंतच्या गटातला नवा विक्रम तिने नोंदविला. या वेगाने एक मैल पार करावयास वीस सेकंदही लागत नाहीत. सत्तेचाळीस वर्षांची गाडी, तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा चालक, आणि त्या चालकाच्या छातीत घर करून बसलेला विकार, असा तो योग होता.

ही कहाणी एवढ्यावरच संपविली तर ती फार सोपी होईल. तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या छंदाने मन्रोचे हृदय बरे केले नाही. तो विकार शेवटपर्यंत राहिला. १९७७ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि हाताचा पूर्वीचा ताबा गेला. तेव्हा त्याने आपल्या गाड्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या, म्हणजे त्या आपल्या मुलखातच राहतील. ६ जानेवारी १९७८ रोजी तो वारला. संसाराच्या बाजूनेही हिशेब कोरा नाही. चार मुलांचा हा बाप १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पत्नीपासून विभक्त झाला, नोकरी सोडली आणि यंत्रासह एका खोपटात राहू लागला. ज्या ध्यासाने एका माणसाला दुखण्याच्या वर उचलले, त्याच ध्यासाची किंमत घरातल्या इतरांनीही मोजलेली असते. विक्रमांच्या कोष्टकात ती किंमत कोठे लिहिलेली नसते.

मग या खटपटीतून मिळते ते काय? दुखणे माणसाकडून बळ हिरावून घेते, तसाच त्याचा अधिकारही हिरावून घेते. काय खावे, केव्हा निजावे, किती चालावे, हे इतर लोक ठरवू लागतात. खोपटात मात्र पुढचा दट्टा कोणत्या मापाचा ओतावयाचा, हे तोच ठरवतो. उद्या करावयाचे काम आज रात्री त्याला ठाऊक असते. फारफ्लरला याच अधिकाराने देवळापर्यंत किंवा बाजारापर्यंत जाता आले असेल, मन्रोला बॉनव्हिलपर्यंत. आणि यासाठी प्राणाशी खेळ करण्याची मुळीच आवश्यकता नसते. मिठाच्या मैदानावरची ती वीस सेकंदे मन्रोच्या आयुष्यात फार थोडी होती. त्यांच्यामागे हजारो रात्रींचे शांत, एकाग्र काम होते. प्रकृतीला पेलवेल असे काम तेच होय, आणि पुष्कळशांचे समाधानही तेथेच असते.

सायकल आणि इंजिन यांचे लग्न सामान्य माणसाच्या गरजेतूनही लागलेले आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानात १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी लष्करी बिनतारी यंत्रांसाठी केलेली छोटी इंजिने सायकलींना जोडली आणि त्यातून पुढचा अवाढव्य उद्योग उभा राहिला. आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ‘लूना’ आणली. पायटे मारून सुरू करावयाची ही हलकी गाडी गावोगावच्या शिक्षकांना, दूधवाल्यांना आणि कारकुनांना परवडली. आणि फारफ्लरचा वारसाही आपल्या रस्त्यांवर दिसतो. पोलिओने पाय गेलेल्या माणसाच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंस एकेक चाक जोडून देणारे मिस्तरी भारतातल्या अनेक शहरांत आहेत. माणसाची उंची, त्याच्या हातातली ताकद, कुबड्या ठेवण्याची जागा, हे सारे पाहून प्रत्येक गाडी वेगळी बेतावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अशा वाहनांची दखल घेतलेली आहे.

मन्रोच्या कहाणीला त्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी एक पुरवणी जोडली गेली. १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाल्याचे त्याच्या मुलाच्या ध्यानात आले. २०१४ साली अमेरिकेतल्या मोटारसायकल संघटनेने ती चूक मान्य करून आकडा दुरुस्त केला. नवी नोंद ताशी १८४.०८७ मैल अशी झाली. खोपटात राहावयास गेलेल्या बापाचे जुने आकडे मुलाने मांडून पाहिले, आणि त्याच्या नावे अर्धा मैल अधिक जमा करून दिला. ती जुनी गाडी आणि फळीवरचा नैवेद्य यांच्याइतकीच ही दुरुस्तीही त्या कहाणीत सांभाळून ठेवण्याजोगी आहे.