घाईला आवर घालणारी उपकरणं

छत्रपती संभाजीनगरला आलेली शाळेची सहल वेरूळ, बीबी का मकबरा उरकून बहुधा पाणचक्कीवर येते. विज्ञानाच्या शिक्षकानं खरं तर मुलांना आधी इथंच आणावं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही चक्की सतराव्या-अठराव्या शतकातली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून चाकाच्या पात्यांवर सोडलं. पंप नाही, बैल नाही. उगम भिंतीहून उंचावर असल्यानं पाणी आपसूक चढतं. फकिरांच्या आणि वाटसरूंच्या अन्नाचं पीठ या पाण्यावर दळलं जाई.

पाणचक्की वर्गात नेता येत नाही. दगड नेता येतो, पण तो एक मीटरवरून सोडला की अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. बघायचं काय आणि मोजायचं काय? बल आणि गती शिकवण्याच्या साहित्याचा इतिहास हा बराचसा या घाईला आवर घालण्याच्या युक्त्यांचा आहे.

गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळे सोडले. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुडनं १७८४ च्या ग्रंथात निराळी तोड सांगितली: कप्पीवरून दोरा, दोन्ही टोकांना सारखी वजनं आणि एकीकडे थोडा जादा भार. ५००-५०० ग्रॅमच्या वजनांपैकी एकावर २० ग्रॅम चढवले, की तेच एक मीटर अंतर उतरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. आता घड्याळ धरायला सवड मिळाली.

विसाव्या शतकात टिकर-टायमर आला. गाडीमागे कागदी फीत, तिच्यावर सेकंदाला ५० ठिपके. दहा-दहा ठिपक्यांचे तुकडे कापून शेजारी शेजारी चिकटवले, की मुलांनीच केलेला वेगाचा आलेख तयार. इतकं देखणं उपकरण दुसरं नसेल; फक्त वीज हवी. आणि असली उपकरणं कपाटाबाहेर निघायला हवीत. फुटलं-हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरचा जाब द्यायचा, मग किल्ली शिक्षकाच्याच खिशात राहते.

ही किल्ली अनावश्यक ठरवली ती स्वस्त साहित्यानं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्कोत काम करणारे अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथं गेले. आठवडी बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळे. तिचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून त्यांनी सांगाडे उभे केले. चौकोन बोटानं ढकलला की कलतो, त्रिकोण हटत नाही. बल म्हणजे काय ते बोटालाच कळतं.

पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि गुप्तांनी तिथं वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली. त्यातलं एक, तरंगती पेन्सिल. जुन्या रबरी चपलेच्या तळात कड्यासारखी चार चुंबकं खोचायची, आणखी दोन पेन्सिलीवर ओवायची. चुंबकं एकमेकांना ढकलतात, पेन्सिल अधांतरी राहते. तिचं टोक मात्र उभ्या सीडीला टेकवावं लागतं. गिरकी दिली की ती बराच वेळ फिरते. ती शेवटी का थांबते, हे विचारलं की मुलं आधी त्या टोकाकडे बोट दाखवतात. हवेचं नाव नंतर येतं.