चाउमीन, घरच्या गॅसवर

मराठी पाककृतींत एक वाक्य हमखास असतं: झाकण ठेवून एक वाफ आणावी. भेंडीसारखे अपवाद सोडले तर आपल्या निम्म्या भाज्या या एका वाक्यावर शिजतात. टेकआउटसारखं चिकन चाउमीन घरी करायचं असेल तर पहिल्यांदा हे वाक्य विसरावं लागतं. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी 'टेकआउटसारखं' या शब्दाकडे जरा बघू. पुरणपोळी अगदी दुकानातल्यासारखी झालीय, असं घरी म्हणून बघा, पुढचे दोन दिवस कसे जातात ते कळेल. चाउमीनचं उलटं आहे. अमेरिकेत लोक शंभराहून जास्त वर्षं ते घरी करायच्या खटपटीत आहेत आणि सगळ्यांचं ध्येय एकच, हॉटेलातल्यासारखं लागलं पाहिजे. म्हणजे या पदार्थाची मूळ प्रत घरात नाहीच. ती हॉटेलात कशी जाऊन बसली हे समजायला कढई बाजूला ठेवून थोडा वेळ कायद्याकडे बघावं लागतं.

(आपल्या गाडीवरच्या हक्का-शेझवान मंडळींबद्दल हा लेख नाही बरं का. त्यांचं घराणं कोलकात्याच्या हक्का चिनी वस्तीतलं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. हे अमेरिकेतलं चाउमीन.)

'चाउ' म्हणजे मोठ्या आचेवर भरभर परतणं आणि 'मीन' म्हणजे नूडल्स. उच्चार दक्षिण चीनच्या तोयसान भागातला. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि या भागातले तरुण बोटीनं निघाले. खाणीत गोऱ्यांशी स्पर्धा झाली, तर परदेशी खाणकामगारांवर कर बसला. मग त्यांनी रेल्वे बांधली. १८६९ मध्ये ती पूर्ण झाली आणि हजारो हात रिकामे झाले. उरली दोन कामं: कपडे धुणं आणि स्वयंपाक. दोन्ही 'बायकांची कामं' म्हणून गोरे पुरुष त्यात फारसे उतरत नव्हते. कुणाला आवड होती म्हणून चिनी हॉटेलं निघाली असं नव्हे, बाकीचे दरवाजे बंद झाले होते.

मग खुद्द देशाचाच दरवाजा बंद झाला. १८८२ चा चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट. चिनी मजुरांना प्रवेश बंद, आधीपासून असलेल्यांना नागरिकत्व नाही. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी यांना सूट. आपल्यापैकी जे एच-वन-बीच्या रांगेत उभे राहिलेत त्यांना कॅटेगरी या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. धोबी मजूर. आचारी मजूर. मजुराला गावाकडून बायको आणता येईना, एकदा गावी गेलं की परत येता येईल याची खात्री नाही. पुरुषांच्याच वस्त्या तयार झाल्या. लग्न झालेली पण वर्षानुवर्षं एकटी राहणारी माणसं.

आणि इथे या गोष्टीतला सगळ्यात जबरदस्त वर्कअराउंड येतो. १९१५ मध्ये एका फेडरल कोर्टानं मान्य केलं की हॉटेल चालवणारा हाही व्यापारी धरता येईल. झालं! आता हॉटेल हा नुसता धंदा उरला नाही, व्हिसा झाला. पण अटी बघा. हॉटेल चांगलं मोठं, वरच्या दर्जाचं हवं. त्यात भागीदारी हवी. किमान वर्षभर तुम्ही व्यवस्थापन केलेलं असावं आणि त्या काळात अंगमेहनतीचं काम केलेलं नसावं. वर त्याची साक्ष द्यायला दोन साक्षीदार, तेही चिनी नसलेले. लोकांनी काय केलं? नातेवाईक, गाववाले यांनी पैसे एकत्र केले, झगमगीत हॉटेलं काढली आणि मॅनेजरची खुर्ची आळीपाळीनं वाटून घेतली. आपल्याकडच्या भिशीसारखं, फक्त नंबर लागला की पैशांऐवजी कागद मिळायचा. याचा अर्थ असा की बायकोमुलांना अमेरिकेत आणायचं असेल तर माणसानं वर्षभर कढईला हात लावायचा नाही. स्वयंपाकावर उभ्या असलेल्या धंद्यात स्वयंपाक न करणाराच 'योग्य' ठरला. या नियमाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

या हॉटेलांना गिऱ्हाईक हवं होतं ते गोरं, मध्यमवर्गीय. म्हणून चव गोडसर, सॉस दाट, हाडं नाहीत, काटे नाहीत, ओळखू न येणारं काही नाही. चॉपसुई हा त्यातला हीरो आणि चाउमीन त्याचा भाऊ. (चिनी मुत्सद्दी ली होंगझांग १८९६ मध्ये न्यूयॉर्कला आला तेव्हा त्याच्या आचाऱ्यानं चॉपसुई शोधली, ही गोष्ट सगळीकडे सापडते. ती दंतकथा आहे.) शुद्धतावादी लोक या खाण्याला 'खोटं चायनीज' म्हणतात. मला ते पटत नाही. तोयसानच्याच माणसांनी, हाताशी होतं त्यात, समोर बसलेल्या माणसासाठी केलेलं जेवण खोटं कसं?

आता घरी करणाऱ्यांकडे येऊ. १९११ मध्ये जेसी लुईस नोल्टन या बाईंनी 'चायनीज कुकरी इन द होम किचन' नावाचं इंग्रजी पुस्तक काढलं. नावातच 'होम किचन'! त्याच काळात काही शहरांत गोऱ्या बायकांनी चॉपसुईच्या हॉटेलांत जाऊ नये म्हणून नियम करायचे प्रयत्न चालले होते. हॉटेल बदनाम, चव मात्र हवी. माझा अंदाज असा की असल्या पुस्तकांना गिऱ्हाईक मिळालं त्यात याचाही वाटा असणार.

१९१४ चं पुस्तक तर आणखी मजेशीर. 'चायनीज-जॅपनीज कुक बुक', लेखिका सारा बॉस आणि ओनोटो वाटाना. नाव जपानी वाटतं ना? या दोघी सख्ख्या बहिणी, वडील इंग्रज आणि आई चिनी. धाकटी विनिफ्रेड ईटन जपानी वाटेल असं टोपणनाव घेऊन कादंबऱ्या लिहायची, कारण त्या वेळी अमेरिकेत 'जपानी' असणं 'चिनी' असण्यापेक्षा बरं होतं. चिनी रक्ताची बाई जपानी नावानं अमेरिकनांना चिनी स्वयंपाक शिकवते आहे. यावर मी काही बोलत नाही.

पुस्तकापेक्षा डबा सोपा. १९२२ मध्ये डेट्रॉइटमध्ये ला चॉय कंपनी निघाली. वॉली स्मिथ हा अमेरिकन आणि इल्हान न्यू हा कोरियन, दोघं मिशिगन विद्यापीठातले मित्र. सुरुवात मोडांच्या डब्यांपासून. (आपल्या उसळीतल्या मुगाचा मोड पेरभर असतो, यांचा बोटभर लांब आणि पांढराशुभ्र.) पुढे १९४० च्या दशकात मिनेसोटात जेनो पाउलुची या इटालियन स्थलांतरितांच्या मुलानं चुन किंग ब्रँड काढला. त्याचं गाजलेलं पॅकिंग म्हणजे एकमेकांना चिकटवलेले दोन डबे, एकात भाज्या आणि एकात रस्सा, म्हणजे भाज्या अगदीच लगदा होऊ नयेत. १९६६ मध्ये त्यानं ही कंपनी ६.३ कोटी डॉलरना एका सिगारेट कंपनीला विकली. चाउमीनवर श्रीमंत झालेल्या माणसांत एक इटालियन निघावा, हा अगदी अमेरिकन प्रकार. डब्याला व्हिसा लागत नाही. माणसांसाठी १८८२ चा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, कारण युद्धात चीन दोस्त राष्ट्र होता. रद्द करून कोटा किती दिला? वर्षाला १०५. एकशेपाच माणसं. आपल्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त बसतात. ही कोटा पद्धत १९६५ मध्ये मोडीत निघाली.

डबा उघडून गरम करणं म्हणजे चाउमीन नव्हे, हे नीट सांगणारी बाई १९४५ मध्ये आली. बुवेइ यांग चाओ. शिक्षणानं डॉक्टर, नवरा मोठा भाषाशास्त्रज्ञ. 'हाउ टु कुक अँड ईट इन चायनीज' हे तिचं पुस्तक, आणि मुलीनं त्याचं इंग्रजी केलं. अडचण अशी की 'चाउ' या क्रियेला इंग्रजीत शब्दच नव्हता. 'फ्राय' म्हणजे तळणं, ते हे नव्हे. आपल्याला निदान 'परतणं' तरी आहे. तर या पुस्तकानं इंग्रजीला 'स्टर-फ्राय' हा शब्द दिला. आज जगभरच्या मेनूकार्डांवर असलेला हा शब्द एका घरगुती पुस्तकात जन्मला आहे.

शब्द मिळाला, पण गॅसचं काय? अमेरिकन घरात सपाट इलेक्ट्रिक शेगडी आणि वोक गोल बुडाचा. बॉस्टनजवळ हॉटेल चालवणाऱ्या, १९६७ मध्ये टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या जॉयस चेननं यावर सपाट बुडाचा वोक काढला आणि १९७१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हार्डवेअर सुसंगत झालं. तरीही चव तीच येईना!

इथे थोडं गणित करू. हॉटेलातला वोकचा बर्नर साधारण ३० किलोवॅटचा असतो, कधी त्याहूनही मोठा. आपला घरचा मोठा बर्नर फार तर ३. चिकन आणि भाज्यांतून १०० मिली पाणी सुटलं असं धरा. ते उडवायला सुमारे २२६ किलोजूल लागतात. घरच्या गॅसची निम्मी उष्णता कढईत गेली तर अडीच मिनिटं. हॉटेलात ज्योत बाजूनं भरपूर वाया जाते, तरी एक तृतीयांश जरी कामी आली तरी पंचवीस सेकंदांच्या आत काम फत्ते. या अडीच मिनिटांत तुमचा कोबी परतला जात नाही, उकडला जातो. आणि वर तुम्ही झाकण ठेवलंत तर संपलंच. कँटनी लोक ज्याला 'वोक हेइ' म्हणतात तो धुरकट, किंचित करपल्यासारखा वास पाणी उडाल्यानंतरच येतो.

दुसरी गोष्ट उडवण्याची. २०२० मध्ये जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी फ्राइड राइस करणाऱ्या आचाऱ्यांचं चित्रण करून हिशोब मांडला. आचारी सेकंदाला साधारण तीन वेळा वोक झुलवतो. शेगडीच्या कडेवर टेकवून, मागेपुढे. घास हवेत जातो, जरा थंड होतो, परत आगीत. म्हणून न जळता भाजलं जातं. आणि म्हणूनच या आचाऱ्यांचे खांदे कायम दुखतात. 'टेकआउटची चव' मागताना आपण या खांद्यांचं काम मागत असतो.

घरी हे करायचा प्रयत्न करू नका. कढई उचलली की ३ किलोवॅटसुद्धा हवेत जातात. उलथनं वापरा. बाकी मी करतो ते असं. चिकन मांडीचं, १५० ग्रॅम, रेषांना आडवं पातळ कापून त्याला चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडा सोया सॉस, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग आणि अगदी चिमूटभर खायचा सोडा. वीस मिनिटं तसंच. यानं चिकन मऊ राहतं आणि पाणीही कमी सोडतं. नूडल्स एका वेळी १०० ग्रॅमच. किंचित कच्च्या उकडून, थंड पाण्यात घालून, निथळून ताटात पसरायच्या, पंख्याखाली. हा पंखा महत्त्वाचा, ओल्या नूडल्स म्हणजे परत तेच पाणी. त्या नूडल्सचा पिवळेपणा आणि चिवटपणा बऱ्याचदा अंड्यापेक्षा क्षाराचा असतो, आपल्या पापडखारासारख्याच. साध्या नूडल्स असतील तर उकळत्या पाण्यात थोडा सोडा टाकला की फरक कळतो.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची. चिकन पसरून पहिला अर्धा मिनिट हलवायचं नाही. मग परतून काढून ठेवायचं. कढई परत तापवायची. कांदा आणि कोबी मूठभरच, ते काढायचं. परत तापवायची. नूडल्स, त्यांना एका बाजूनं डाग पडेपर्यंत थांबायचं. मग सगळं एकत्र आणि कडेनं सॉस: सोया, ऑयस्टर, चिमूट साखर, पांढरी मिरी, दोन थेंब तिळाचं तेल. अजिनोमोटो घालायचा असेल तर बिनधास्त घाला. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रावरून त्याची बदनामी सुरू झाली आणि नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात ती टिकली नाही.

चार माणसं असतील तर हे सगळं चार वेळा. कंटाळा येतो, मान्य. पण हॉटेलातही एकेक ऑर्डर अशीच वेगळी निघते.

न्यू जर्सीत ऑनसाइट असताना एक गंमत कळली, ती सांगून थांबतो. तिकडे पूर्व किनाऱ्यावर 'चाउमीन' मागवलं की बरेचदा कुरकुरीत तळलेल्या शेवेवर घट्ट पांढरा रस्सा येतो. आपल्याला हवं असतं ते तिथे 'लो मेन' नावानं मिळतं, आणि कॅलिफोर्नियात त्याच्यासारख्याच मऊ नूडल्सना चाउमीन म्हणतात. ते येतं त्या पांढऱ्या घडीच्या खोक्यात. त्या खोक्याचं पेटंट १८९४ चं, शिकागोचं, आणि मुळात ते कालवं न्यायला केलेलं. घरी येईपर्यंत नूडल्स त्यात पंधरा मिनिटं बंद राहून सॉस पितात. तेव्हा अगदी हुबेहूब टेकआउट हवं असेल तर कढईतून काढल्यावर एका डब्यात भरा. आणि आता मात्र झाकण लावा :-)