मिरची पूड, सॉस आणि सीमेवरील तपासणी : ‘सुदान-1’ प्रकरणाचा एक ऐतिहासिक विचार

परदेशातून येणारे अन्न बंदरावरच तपासून घ्यावे, ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनच्या 1875 च्या अन्न व औषध विक्री कायद्याने आयात होणाऱ्या चहाची तपासणी जकात अधिकाऱ्यांकडे सोपविली होती. भारतात 1954 च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याने भेसळयुक्त अन्नाच्या आयातीस मनाई केली आणि संशयास्पद माल अडवून त्याचे नमुने केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दिला. पुढे 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने त्याची जागा घेतली. मात्र अशा तपासणीला काय सापडते आणि तिच्यातून काय निसटते, हा प्रश्न कायद्याच्या कलमांवरून उलगडत नाही. त्यासाठी एखादे प्रकरण मुळापासून पाहावे लागते. प्रस्तुत लेखात 2005 साली ब्रिटनमध्ये गाजलेल्या ‘सुदान-1’ प्रकरणाचा त्या दृष्टीने विचार केला आहे. या प्रकरणाचे एक टोक मुंबईत होते.

सुदान-1 हा तेलात विरघळणारा नारिंगी-लाल कृत्रिम रंग होय. मेण, तेले, बुटांचे व फरशीचे पॉलिश यांसाठी तो वापरला जातो. अन्नात त्याला भारतातही परवानगी नाही आणि युरोपातही नाही. जुनी, फिकी पडलेली मिरची दळून तिला हा रंग दिला की ती ताजी भासते, आणि मिरचीचा भाव तर रंगावरच ठरतो. भेसळीमागचे कारण एवढे साधे आहे.

मे 2003 मध्ये फ्रान्सला भारतातून आलेल्या मिरचीच्या पदार्थांत हा रंग आढळला. लगेच 20 जून 2003 रोजी युरोपीय आयोगाने निर्णय घेतला की, मिरचीच्या प्रत्येक मालासोबत तो सुदान-1 पासून मुक्त असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल असलाच पाहिजे. भारतातही मसाला मंडळाने ऑक्टोबर 2003 पासून निर्यातीच्या मिरचीची तपासणी सक्तीची केली. जानेवारी 2004 मध्ये आयोगाने सुदान-2, 3 व 4 हे रंग आणि करी पावडर यांचाही समावेश केला. व्यवस्था कागदावर तरी चोख होती.

असे असूनही 18 फेब्रुवारी 2005 रोजी ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेला शेकडो तयार पदार्थ दुकानांतून काढून घेण्यास सांगावे लागले. अखेरीस ही संख्या 400 च्या पुढे गेली. पिझ्झा, सूप, सॉसेज, खिमा-पाय अशा पदार्थांत एकच घटक समान होता : प्रीमियर फूड्स या कंपनीने तयार केलेला वूस्टर सॉस. त्यातील मिरची पूड मुंबईच्या निर्यातदाराकडून मध्यस्थांमार्फत आलेली असल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. ही पूड 2003 चा निर्णय लागू होण्यापूर्वीच देशात पोहोचली होती. तपासणी सुरू झाली ती नव्या मालाची. गोदामात आधीच असलेली पूड मात्र सॉसमध्ये, सॉस खिम्यात आणि खिमा डब्यात शिरत राहिला. येथे सीमा चुकली असे म्हणता येत नाही, कारण माल येऊन गेल्यावर ती उभी राहिली. भेसळ उघड केली ती इटलीतील एका प्रयोगशाळेने, आणि तीही इंग्लंडहून तेथे गेलेल्या सॉसच्या बाटलीतून. त्यानंतर काही दिवसांतच, मार्च 2005 मध्ये, चीनमध्येही मिरचीच्या सॉसमध्ये हाच रंग सापडला.

हा सॉस ‘क्रॉस अँड ब्लॅकवेल’ या जुन्या नावाने विकला जात होता. या नावाला भेसळीच्या इतिहासात विशेष स्थान आहे. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी 1850 च्या दशकाच्या प्रारंभी सूक्ष्मदर्शकाखाली लंडनमधील अन्न तपासले, तेव्हा मिरचीच्या पुडीत शेंदूर आणि अँकोव्ही सॉसमध्ये लाल माती आढळली होती. त्यानंतर 1855 मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देताना याच पेढीचे थॉमस ब्लॅकवेल यांनी लोणच्यांचा व सॉसचा कृत्रिम रंग आपण बंद केल्याचे सांगितले. गिऱ्हाइकांना प्रथम तो फिका रंग रुचला नाही, ही बाब उल्लेखनीय आहे. दीडशे वर्षांनी तोच लाल रंग त्याच नावाच्या बाटलीत शिरला, फरक इतकाच की या वेळी तो निर्मात्याच्या नकळत, दूरच्या बंदरातून आला.

युरोपीय निर्णयातील आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. तो कुटलेल्या व दळलेल्या मिरचीस लागू होता. अख्ख्या मिरचीस नव्हता. यामागचे तर्कशास्त्र भाईंदर पश्चिमेकडील उत्तन परिसरात सहज कळते. तेथील ईस्ट इंडियन कुटुंबे उन्हाळ्यात अख्खी मिरची उन्हात वाळवून वर्षभराचा बाटली मसाला कुटून घेतात. मिरचीचे देठ, साल, बी डोळ्यांपुढे असते, तोवर फसवणुकीला फारसा वाव नाही. पूड झाली की डोळ्यांचे काम संपते आणि प्रयोगशाळेचे सुरू होते. प्रयोगशाळेला मात्र काय शोधायचे हे आधी सांगावे लागते. मे 2003 पूर्वी सुदान-1 चा शोध घ्या असे सांगणारा नियमच नव्हता.

एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर झाले, तेव्हा हाच क्रम पुन्हा दिसला. संबंधित कंपन्यांनी आपली उत्पादने सुरक्षित असल्याचे सांगितले. मसाला मंडळाने मे 2024 पासून या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाची त्या रसायनासाठी तपासणी सक्तीची केली. 2003 प्रमाणेच ही सक्तीही निर्यातीपुरती होती. मंडळाच्या प्रयोगशाळेत तपासली जाणारी पूड परदेशी स्वयंपाकघरासाठी असते. देशातच विकल्या जाणाऱ्या पुडीला प्रत्येक खेपेच्या अहवालाची अट नाही. तिची तपासणी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने दुकानातून घेतलेल्या नमुन्यावर अवलंबून असते.